टेंभरे कंडक्टरची पानं

टेंभरे काकाजी मोबाइलला हात लावण्याआधी उजव्या हाताचं बोट जिभेला लावायचे. मग ते ओलं बोट काचेवर ठेवून पान वर सरकवायचे. बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. तिकिटाच्या गठ्ठ्यातून एकच तिकीट सुटं करायचं तर बोट ओलं करावंच लागायचं, आणि ही सवय निवृत्तीनंतरही त्यांच्या बोटातून गेली नाही. माझ्या दुकानातल्या माउसलाही त्यांनी हाच प्रसाद दिला, तेव्हा मी भडकलेच. "काकाजी, थुंकी लावू नका हो! दिवसभर लोकं हात लावतात त्याला." त्यांनी शांतपणे खिशातून रुमाल काढला, माउस पुसला, टेबल पुसलं, आणि म्हणाले, "झालं साफ. आता जराशी सरक, मले दिसू दे."

सरकायला जागा होती कुठे? कामठ्याच्या चौकात माझं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन फॉर्म, लाइटचं बिल, सगळं त्यातच. पण काकाजी आत असले की दाराशी उभ्या असलेल्या गर्दीला हमखास ऐकू यायचं, "चला, पुढं चला, दरवाजात थांबू नका, आत लय जागा हाये." आणि लोकही मुकाट्याने पुढे सरकायचे. त्या आवाजाची त्यांना लहानपणापासून सवय होती.

त्यांचं पूर्ण नाव डुलीचंद टेंभरे. माझे सासरे आणि ते एका बाकावर बसून शिकलेले, म्हणून मी त्यांची सूनबाई. सासरे गेल्यावर मी दुकान टाकलं तेव्हा गावात पुष्कळांनी नाकं मुरडली. काकाजींनी मात्र पहिल्याच दिवशी येऊन एका कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्या. कागद कोरा होता. मी म्हटलं, "काकाजी, यावर काही लिहिलेलं नाही." ते म्हणाले, "मशीन चालते का नाई ते पाहून राहिलो."

त्या माणसाबद्दल लिहायचं बरेच दिवसांपासून मनात आहे. लिहायला हात उचलत नव्हता, कारण त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागेल. त्यांनी माझी एक चूक स्वतःच्या डोक्यावर घेतली होती आणि मी ती घेऊ दिली होती. आता लिहितेच.

निवृत्त झाले तरी गावाच्या लेखी ते चौकशीची खिडकीच होते. सकाळी दात घासत असतील नाही तर ताटावर बसले असतील, फोन वाजायचा. "काकाजी, गोंदियाची गाडी गेली का?" काकीजी वैतागून गेल्या होत्या. फाट्यावरच्या पाटीचा रंग उडून कितीतरी वर्षं झाली होती, आणि जे आकडे दिसत होते ते वाचून गेलात तर हमखास बस चुकणार. एक दिवस काकाजी दुकानात आले आणि म्हणाले, "सूनबाई, मले एक बोर्ड लावायचा हाये. पन मोबाइलात."

मी त्यांना फुकटातली एक वेबसाइट उघडून दिली. नाव ठेवलं 'कामठा फाटा'. म्हटलं, यात दोन प्रकार असतात काकाजी, एक पोस्ट आणि एक पान. पोस्ट टाकली की सगळ्यात वर दिसते, मग दुसरी टाकली की पहिली खाली जाते, हळूहळू कोणाला दिसतही नाही. पान तसं नसतं. ते आपल्या जागेवर राहतं, वरच्या यादीत त्याचं नाव असतं, आणि त्याला स्वतःचा पत्ता असतो. तो पत्ता कोणाला पाठवला की थेट तेच पान उघडतं.

काकाजींनी डोळे मिटून ऐकलं. "म्हंजे पोस्ट झाली स्टँडवरची घोषणा. कानावर पडली, गेली. न पान झाला बोर्ड."

"एकदम बरोबर."

"मले बोर्ड पायजे. घोषणा लय केल्या जिंदगीभर."

शर्टाच्या खिशात ते एक निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवायचे, रबर लावलेली. मी जे सांगेन ते त्या वहीत उतरवायचे. नवीन पान कुठून उघडतं, नाव कुठे लिहायचं, मजकूर कुठे, प्रसिद्ध करायचं बटण कुठलं. प्रसिद्ध न करता ठेवलेल्या मसुद्याला ते 'डेपोत उभी' म्हणायचे. आणि प्रसिद्ध करायची वेळ आली की खिशातून जुना तिकिटं टोचायचा चिमटा काढून टेबलावर दोनदा ठोकायचे, टक टक. बसमध्ये दोन घंट्या दिल्या की ड्रायव्हर गाडी काढतो, तसं. तो चिमटा वाजल्याशिवाय त्यांनी एकही पान कधी सोडलं नाही. एकदा चिमटा घरी राहिला, तर माणूस परत घरी गेला.

पण पान सुटायच्या आधी जे व्हायचं त्याला तोड नव्हती. पहिलं पान करायचं होतं 'सकाळच्या गाड्या'. मी इंटरनेटवरून वेळापत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "सोता पाह्यलं का आयकलं?"

म्हटलं, "हे छापलेलं आहे काकाजी."

"कागदावरचा टाइम कागदापाशी. गाडी रस्त्यावर येते."

तीन दिवस ते पहाटेपासून फाट्यावर उभे राहिले. कोणती बस किती वाजता येते, किती वेळ थांबते, कोणत्या वारी येतच नाही, सगळं वहीत टिपलं. तिन्ही दिवसांच्या वेळा जुळल्या तरच ती वेळ पानावर गेली. जुळली नाही तिथे त्यांनी लिहिलं, 'या गाडीचा भरोसा धरू नये.' गावाला हे वाक्य फार आवडलं. लग्नाच्या बोलणीत नवऱ्या मुलाची माहिती सांगतानासुद्धा लोक ते वापरायला लागले.

मग पानं वाढत गेली. गोंदियाच्या जंक्शनवरून सुटणाऱ्या पॅसेंजर गाड्या, डोळ्यांचा डॉक्टर कोणत्या वारी येतो, आठवडी बाजार कुठे कधी. प्रत्येक वेळी तेच: सोता पाह्यलं का आयकलं? डोळ्यांच्या डॉक्टरसाठी ते सलग दोन मंगळवार दवाखान्याच्या ओट्यावर बसून आले. डॉक्टरने विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय त्रास?" तर म्हणे, "मले काई नाई. तुमी येता का नाई ते पाहून राहिलो."

ऑटोवाल्यांचं पान निघालं तेव्हा तर माझ्या दुकानात तमाशाच झाला. काकाजींनी लिहिलं होतं, 'ऑटो भरल्याशिवाय निघत नाही. टाइम विचारू नये.' दोन ऑटोवाले तावातावाने आले. एक म्हणाला, "काकाजी, हमारी इज्जत निकाल दी आपने. फालतू काहून लिहिता?" काकाजी उठलेसुद्धा नाहीत. "उद्या सातले निघ. मी उभा राहतो. तीन दिवस सातले निघालास तं सातच लिहितो." तो पोट्टा जिद्दीला पेटला आणि तीन दिवस अर्ध्या रिकाम्या ऑटोने सातला निघाला. काकाजींनी पान बदललं, टक टक केलं, आणि चौथ्या दिवशीपासून त्याचा ऑटो सातच्या आधीच भरायला लागला. तो अजून मला ही गोष्ट सांगतो.

बिरसीच्या विमानतळावरून विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांची छोटी विमानं आमच्या धानाच्या बांध्यांवरून गरगर फिरतात. कोणीतरी चेष्टेने म्हटलं, काकाजी, विमानांचं पान करा. ते वर पाहत म्हणाले, "जिथून निघते तिथंच उतरते न सवारी एक नाई. ते कायले लिहू?"

आता त्या गोष्टीकडे येते.

एका उन्हाळ्यात सकाळच्या एका बसची वेळ बदलली. काकाजी दुकानात आले. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती, साइट अडकून बसली होती, दारात पंधरा-वीस जण, आणि माझं डोकं भणभणत होतं. काकाजी म्हणाले, "सूनबाई, लावलेलं पान बदलायचं कसं?"

खरं तर दोन मिनिटांचं काम. जुनं पान उघडायचं, आतला आकडा बदलायचा, जतन करायचं. पत्ता तोच राहतो, ज्याच्याकडे आधीच पाठवलेला असेल त्यालाही नवीन वेळ दिसते. नवशिक्याला सगळ्यात आधी शिकवावी अशी गोष्ट. पण मी मान वर न करता म्हटलं, "नवीनच बनवा ना काकाजी, तेच सोपं आहे."

"न जुनं?"

"राहू द्या तिथंच. खातं का काही तुमचं?"

त्यांना ते पटलं, हेही खरं. कंडक्टर माणूस कागद कधी फाडत नाही, जुनी पावती, जुना गठ्ठा, सगळं बांधून ठेवायचं असतं. त्यांनी नवीन पान केलं, नाव दिलं 'सकाळच्या गाड्या २'. यादीत ते वर लावलं, जुनं खाली राहू दिलं. मग एकदा आणखी वेळ बदलली, तर 'सकाळच्या गाड्या ३' आलं. वेबसाइट उघडून वरून वाचणाऱ्याला काही अडचण नव्हती. पण पहिल्या पानाचा पत्ता गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर फिरत होता. त्यावर बोट ठेवलं की पहिलंच पान उघडायचं, जुन्या वेळांसकट. हे मला कळायला पाहिजे होतं. कळलं असतं, जर मी एकदा तरी ती वेबसाइट उघडून पाहिली असती.

पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत निशा पारधीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती, गोंदियाला. निशा आमच्याच गावची. तिचा फॉर्म माझ्याच दुकानातून भरलेला. शेजारीपाजारी तिला आधीपासूनच 'नर्सबाई' म्हणायचे, इतकी ती त्या परीक्षेच्या मागे लागली होती. आदल्या दिवशी तिने ग्रुपवरच्या पत्त्यावर बोट ठेवलं, सात दहाची बस पाहिली, आणि सकाळी सातला फाट्यावर येऊन उभी राहिली. बस सहा चाळीसलाच निघून गेली होती. एरवी ऑटो मिळाला असता. पण रोवणीत ऑटोवाले स्वतःच चिखलात असतात. तिचा बाप आणि भाऊ पहाटेच गाडी घेऊन बांधीत गेलेले. शेवटी दुधाच्या गाडीवर बसून ती कशीबशी पोचली, तेव्हा गेट बंद होऊन पाव तास झाला होता.

दुपारी तिचा बाप दुकानात आला. पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात पोरीचा मोबाइल. काकाजी तिथेच बसले होते. बापाने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. काकाजींनी बोट जिभेला लावलं, पान वर सरकवलं, खाली आणलं, पुन्हा वर सरकवलं. मग म्हणाले, "पान माझंच हाये."

"पोरीचं वर्ष गेलं, काकाजी."

"हो," काकाजी म्हणाले. "चूक माझी हाये. संध्याकाळी येतो घरी."

 माझे शब्द मला लख्ख आठवत होते. नवीनच बनवा ना. राहू द्या तिथंच. आणि त्याच क्षणी मला हेही आठवत होतं की दुकानात फॉर्मसाठी चार जण उभे आहेत, आणि 'हिच्या शिकवण्यामुळे पोरीचं वर्ष गेलं' हे एकदा गावात झालं की कोणी माझ्याकडून फॉर्म भरून घेणार नाही. मी झेरॉक्सच्या मशीनचं झाकण उघडलं आणि कागद अडकल्यासारखं करत राहिले. कागद अडकला नव्हता.

संध्याकाळी मी त्यांच्यासोबत गेले, एवढी लाज तरी मला होती. निशा अंगणात बसली होती. काकाजी तिच्यापुढे उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "बेटा, मी नवीन पान लावलं न जुनं काढलं नाई. माझी चूक. दुसऱ्या कोनाची नाई."

निशा म्हणाली, "तुमच्या भरोशावर गेली होती मी."

एवढंच. पुढे ती त्यांच्याकडे पाहीनाशी झाली. परतताना सगळ्या रस्त्याने मी तोंड उघडायचा प्रयत्न करत होते. चौकात आल्यावर काकाजी म्हणाले, "जा आता, स्वयंपाक राहिला असन तुझा," आणि वळून गेले. मी मनाची समजूत घातली की म्हाताऱ्या माणसाला ते बोलणं आठवत नसणार. हे समजणं मला फार सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळीच्या सगळी पानं मसुद्यात टाकली. सगळ्या गाड्या डेपोत. महिनाभर 'कामठा फाटा' कोरा होता. चौकात लोक म्हणायचे, बुढ्याच्या नादी लागलं की असंच होते. त्यांच्या समोरही म्हणायचे. ते ऐकून घ्यायचे. मी दुकानात बसून ऐकायचे.

महिन्याने ते आले, पंचमीचा बाजार उरकून. दुकानात कोणी नव्हतं, तेवढी वेळ साधूनच आले असतील. म्हणाले, "आता लावलेलं पान बदलायचं शिकव. फुरसतीनं."

मी शिकवलं, इतक्या फुरसतीने की चहा दोनदा झाला. पान एकच ठेवायचं, पत्ता एकच, आतला मजकूर बदलायचा. जे नको ते कचऱ्यात. कचऱ्यात टाकायला त्यांचा हात धजेना. "फाडल्यावानी वाटते." मी सांगितलं, लगेच जात नाही काकाजी, तीस दिवस तिथे पडून राहतं, हवं असेल तर परत आणता येतं. तेव्हा कुठे त्यांनी दोन पानं कचऱ्यात घातली, आणि पुढचा महिनाभर येता-जाता विचारत राहिले, "हाये का अजून?" एकतिसाव्या दिवशी नव्हती. 

मग त्यांनी प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ टाकली. 'हे पान डुलीचंद टेंभरे यांनी स्वतः रस्त्यावर उभं राहून पाहिलं,' आणि पुढे तारीख. दर सोमवारी फाट्यावर उभं राहायचं आणि वेळ बदललेली असो की नसो, तारीख बदलायची. मी म्हटलं, वेळ तीच असेल तर कशाला हात लावता? ते म्हणाले, "तीच हाये, हे तरी लोकायले कसं कळन? कोनी पाह्यलं पायजे ना." तापात, थंडीत, कधीच एक सोमवार चुकला नाही. लोक परत त्यांच्या पानावर विसंबायला लागले, पण हळूहळू. चौकातली ती बोलणी सगळी काही पुसली गेली नाहीत.

पुढच्या वर्षी निशाने पुन्हा फॉर्म भरला. परीक्षेच्या दिवशी सहा वाजताच काकाजी फाट्यावर हजर. आदल्या दिवशी गोंदियाला जाऊन ते केंद्राचं गेटही पाहून आले होते. बस आली, निशा चढली, मागून काकाजी चढले. बसमध्ये जागा होती, तरी ते तिच्या सीटशेजारी दांडा धरून गोंदियापर्यंत उभे राहिले. ती बसा म्हणाली नाही. ती अजूनही रागातच होती. गेटमध्ये जाताना तिने एकदा वळून पाहिलं, हे मला काकाजींनी सांगितलं, तीन-चारदा सांगितलं. तिचा नंबर लागला. ती नागपूरला शिकायला गेली.

गेल्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत काकाजी गेले. सकाळी फाट्यावरून आले, चहा प्यायले, खाटेवर पडले, उठलेच नाहीत. सोमवार होता. त्या दिवशीची तारीख टाकायची राहून गेली.

तेरवीनंतर काकीजींनी मला बोलावलं आणि निळ्या वह्या दिल्या, पाच होत्या. "हे तुझ्या कामाचं असन सूनबाई. मले त्याच्यातलं काई समजत नाई." मी दुकानात आणून पहिली वही उघडली. सुरुवातीला माझेच धडे होते, त्यांच्या वळणदार अक्षरात. नवीन पान, अधिकच्या खुणेवर दाबणे. नाव आधी, मजकूर मागून. टक टक विसरू नये. आणि मग, उन्हाळ्यातली ती तारीख घालून:

'लावलेलं पान बदलणे — सूनबाईले पुसलं. म्हनली नवीनच बनवा, जुनं राहू द्या. तिच्याकडे गर्दी हाये, पुन्हा पुसीन.'

त्याखाली, वेगळ्या शाईने, रोवणीतली तारीख. ज्या दिवशी आम्ही निशाच्या अंगणात गेलो ती.

'हे कोनाले सांगनं नाई. तिले दुकान चालवायचं हाये.'

मी शटर खाली ओढलं आणि रडले. भर दुपारी बाहेर कोणी फोटो काढायला आलं होतं, ते शटर वाजवून निघून गेलं. अंगणात उभे होते तेव्हा ही वही त्यांच्या खिशात होती. मशीनचं झाकण उघडून मी खोटं खोटं वाकले होते, तेव्हाही होती. सगळं आठवत होतं त्यांना, लिहूनही ठेवलं होतं, आणि तरी त्यानंतर कितीतरी सोमवार ते माझ्या दुकानात आले, हसले, चहा प्यायले, आणि मला एकदाही कळू दिलं नाही.

निशा सुट्टीत घरी आली होती. मी वही घेऊन तिच्याकडे गेले आणि ते पान उघडून ती तिच्या हातात दिली. तिने दोनदा वाचलं. मी म्हटलं, "चूक माझी होती. मी भ्याले."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "माझं वर्ष गेलं ते गेलं, वहिनी. त्याचं काई नाई, नंबर लागला. पन मी वर्षभर काकाजीशी बोलली नाई. रस्त्यानं दिसले का तोंड फिरवून जाऊन राहिली होती. ते मले म्हनत, 'बरी हायेस ना बेटा?' न मी उत्तर देत नव्हती." वही तिने माझ्या हातात परत ठेवली. "तुमी तेव्हाच सांगतलं असतं तं मी त्यायच्याशी बोलली असती."

 माफ कर म्हटलं. ती उठली. आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

घरी येऊन मी 'कामठा फाटा' उघडलं. जे घडलं ते सगळं लिहिलं, माझ्या नावाने, अगदी त्या दिवशी मी काय बोलले त्या शब्दांसकट. आधी ते पोस्ट म्हणून लिहायला घेतलं होतं. मग हात थांबला. पोस्ट आठ दिवसांत खाली गेली असती, कोणी वाचली असती, कोणी नसती, आणि मी सांगून मोकळी झाले असते. मी ते खोडलं आणि पान केलं. वरच्या यादीत, 'सकाळच्या गाड्या'च्या शेजारी त्याचं नाव लावलं: 'ती चूक माझी होती'. काकीजींनी वह्यांसोबत चिमटाही दिला होता. तो टेबलावर दोनदा ठोकला आणि बटण दाबलं.

चार-पाच जण फॉर्मसाठी दुसरीकडे जायला लागले, गावात बोलणं झालं, ते व्हायचंच होतं. ते पान अजून तिथेच आहे. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

आता सोमवारी सकाळी फाट्यावर मी जाते. पहिल्या दिवशी बस सहा बेचाळीसला आली. कंडक्टर नवीन पोरगा होता. दार उघडून म्हणाला, "चला ताई, बसा लवकर."

"बसायचं नाही. पाहायला आले."

तो माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिला, मग दोन घंट्या देऊन निघून गेला. मी वहीत वेळ लिहिली. पान उलटताना बोट आपोआप जिभेला गेलं, आणि माझी मलाच इतकी लाज वाटली की आजूबाजूला पाहून घेतलं. दुकानात येऊन 'सकाळच्या गाड्या' उघडलं. तळाशी काकाजींचं नाव तसंच ठेवलं, शेजारी माझं लिहिलं, आणि तारखेवर बोट थांबलं. ते असते तर नक्की विचारलं असतं.

"सोता पाह्यलं, काकाजी," मी रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हटलं, आणि तारीख बदलली.